करोडो पिशव्या आणि मंदामावशीची पेटी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. कारण हा घोळ आठवला की आमच्या घरची माणसं अजून ठसका लागेपर्यंत हसतात, आणि मलाच पाणी आणून द्यावं लागतं.

नव्वदीच्या सुरुवातीला मी पनवेलला एम.फार्म. करत होते. माझं संशोधन कशावर? पिशव्यांवर. नेरे गावच्या बांधावरची औषधी भुईआवळी आणायची, तिचा अर्क काढायचा, आणि लेसिथिन नावाची सोयाबीनमधली चरबी घेऊन तिच्या इवल्याशा पिशव्या करून त्यात तो अर्क भरायचा. लायपोसोम म्हणतात त्यांना. इतक्या बारीक की सूक्ष्मदर्शकाखालीही डोळे ताणावे लागत. औषध वाटेत वाया न जाता थेट यकृतापर्यंत पोचेल, ही आशा. माझा भारी जीव होता त्या पिशव्यांवर.

कितीतरी वेळा फसल्यावर एकदाची एक बाटली मनासारखी जमली. दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार होते. आणि नेमकी त्या दुपारी अख्ख्या भागाची वीज गेली. कॉलेजचा फ्रिज बंद, खांदा कॉलनीतला आमच्या घरचाही बंद. लेसिथिन संपलेलं, उकाडा मरणाचा. बाटली नासली असती तर माझं वर्ष बुडालं असतं.

बर्फ कुठे मिळणार? मी तडक मच्छी मार्केट गाठलं. तिथे मंदामावशी, आमच्या आईची नेहमीची कोळीण, बर्फाच्या पेटीशी बसलेली.

"मावशी, माझ्या पिशव्या तुमच्या बर्फात ठेवू का? सकाळी नेते."

"ठेव की. किती हायेत?"

आता इथे कुणीही शहाणी मुलगी 'एक बाटली' म्हणाली असती की नाही? मी काय म्हणावं? "मोजल्या नाहीत, पण करोडोंनी असतील."

मावशीने हातातलं पापलेट खाली ठेवलं. "कसल्या पिशव्या गो?"

"चरबीच्या."

"गळतात?"

अहो, हाच प्रश्न आमचे सर रोज विचारायचे. मला इतका आनंद झाला की बस. "थोड्या गळतात मावशी. पण गार ठेवल्या की कमी गळतात."

"बरं, आण."

मी बाटली आणायला कॉलेजात गेले. तेवढ्यात मावशीने आपली सगळी पापलेटं जावेच्या पेटीत कोंबली आणि स्वतःची पेटी रिकामी करून तळाला प्लास्टिक अंथरलं. जावेने ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने पुढे. मी परत आले तर अर्धं मार्केट वाटेकडे डोळे लावून उभं.

"टेम्पो कुटं हाय?" एकीने विचारलं.

"दवाखान्यातली चरबी हाय म्हणं. मानसांची," दुसरी कुजबुजली आणि चार पावलं मागे सरली.

मी पर्समधून कागदात गुंडाळलेली करंगळीएवढी बाटली काढली.

मावशीने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्या करोडो?"

"हो. दिसत नाहीत, पण आहेत."

"बाय, तू दुपारची जेवलीस का?"

तरी ठेवून घेतली हो तिने. बर्फात मधोमध पुरली. वर, पोरीच्या पिशव्या गळू नयेत म्हणून जाडं मीठ सढळ हाताने टाकलं. मिठाने बर्फ आणखी गार होतो, हे मी शाळेत शिकले होते. पण ते वेळेवर आठवेल तर शपथ. सकाळी बघते तर बाटलीतलं सगळं गोठून दगड झालेलं. गोठल्यावर पिशव्या फाटतात, एवढं मात्र मला ठाऊक होतं. मी तिथेच रडायला लागले.

"आदी वितळू तर दे," मावशी म्हणाली. "मग रड."

कॉलेजात वीज आली होती. सरांनी वितळलेली बाटली उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "लेसिथिन सडलं. मासळीसारखा वास येतोय."

"सर, तो मासळीचाच आहे," म्हणत मी सगळी कथा सांगितली. त्यांनी तपासणी केली, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. अर्क पिशव्यांत आधीपेक्षा बराच जास्त गेला होता. पिशव्या फाटल्या होत्या खऱ्या, पण वितळताना पुन्हा जुळल्या होत्या, आणि जुळताना आणखी अर्क पोटात घेऊन बसल्या होत्या.

परीक्षक तर खूश. हे काम पुढे न्या म्हणाले. वर्ष वाचलं आणि माझी कॉलर ताठ झाली.

"गोठवून वितळवायचं कुणी सुचवलं?" त्यांनी विचारलं.

"माझं मलाच सुचलं, सर," मी खुशाल ठोकून दिलं.

आमच्या सरांनी चष्मा काढला. "ही पद्धत जुनी आहे. तिच्यावरचा लेख मी हिला पहिल्याच महिन्यात झेरॉक्स करून दिला होता. नीट वाच, तुझ्या कामाचा आहे, असं बजावून. कुठाय गं तो?"

काय सांगणार? बर्फात बाटली फुटू नये म्हणून त्यातच तर गुंडाळून नेली होती.