झेंड्याआधी थांबलेली गाडी

"शेठ, थांब जरा. ऐकू दे."

हे म्हणताना त्याचा उजवा हात वर जायचा, मास्तर वर्ग गप्प करतात तसा, आणि मान बॉनेटकडे झुकायची. मोहालीतल्या माझ्या जुन्या गाड्यांच्या आवारात तो पहिल्यांदा आला तेव्हाही त्याने हेच केलं. मी हिंदीत गाडीचे गुण गात होतो आणि हे गिऱ्हाईक मलाच गप्प करत होतं. जरा वेळ ऐकून तो स्वतःशीच पुटपुटला, "गिअरबॉक्स रडून राहिला."

चंदीगडच्या मुलखात मराठी कानावर पडल्यावर माणसाला बरं वाटतं. मला घाम फुटला. म्हणालो, "साहेब, आपल्या माणसाच्या गाडीला असं बोलू नये."

"आपला माणूस आहे, तर भाव कमी कर ना बे."

तो नागपूरचा, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. मी विट्याकडचा. मामाच्या गलाईच्या दुकानात सोनं गाळायला म्हणून पोरवयात पंजाबात आलो आणि पुढे कुणाचा आधार न घेता गाड्यांच्या धंद्यात शिरलो. मला सौद्यात हरवणारी माणसं थोडी. त्या दिवशी मी हरलो आणि मनात म्हटलं, हा माणूस आपल्या बाजूला पाहिजे.

तेव्हा मला शर्यतीचा नाद लागला होता. तुमच्या डोळ्यांपुढे येते ती धडाक्याची शर्यत नव्हे. ही हौशी लोकांची, दमाची शर्यत. एक साधी जुनी गाडी, तीन चालक आणि सहा तास. चालक आळीपाळीने बदलायचे. कुणी किती वेळ चालवायचं याला कमाल मर्यादा. सहा तासांत ज्याचे फेरे जास्त तो पुढे. मोसमभराच्या शर्यतींचे गुण जोडून अजिंक्यपद ठरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटी चौकड्यांच्या झेंड्याखालून गाडी स्वतःच्या चाकांवर गेली पाहिजे. नाही गेली तर आधीचे सगळे फेरे मातीत.

आमच्यात एक ट्रकवाले सरदारजी होते, ते पाजी. दुसरा मी. तिसरा हा. पाजी आणि मी गाडी पिटाळायचो; हा तिची विचारपूस करत चालवायचा. पाजी कपाळावर हात मारायचे, "डॉक्टरसाब, रेस है, बारात नहीं!"

"बारात भी पहुँचनी तो चाहिए ना, पाजी."

आणि खरंच, तो आल्यापासून आमची गाडी पोहोचायला लागली. क्लच जळतोय हे तो धूर दिसायच्या आधी सांगायचा. दिल्लीपलीकडच्या ट्रॅकवर गाडी ट्रेलरवर न्यायची, वाटेत मुरथलला पराठे खायचे आणि परतताना कुणी काय घोटाळा केला यावर अंबाल्यापर्यंत भांडायचं, असं आमचं चालू होतं. मी ओरडायचो. तो म्हणायचा, "काहून ओरडून राहिला बे? मला ऐकू येते."

मग ती शर्यत आली. मोसमातली शेवटची. आमच्या गटात गुणांत आम्ही पहिले होतो. नुसता झेंडा घेतला तरी अजिंक्यपद आमचं. मी दहावी नापास. माझं नाव एखाद्या पाटीवर, ढालीवर यावं अशी जागा आयुष्यात ती एकच होती. ब्रेक घासत आले होते, म्हणून हलक्या पायाचा हा शेवटी बसला. पाजींची आणि माझी चालवायची वेळ संपलेली.

थोडाच वेळ उरला असताना गाडी ट्रॅकच्या कडेला, आम्ही हत्यारं घेऊन उभे होतो त्या पिटमध्ये शिरली. आम्ही बोलावली नव्हती. त्याने इंजिन बंद केलं, उतरला आणि म्हणाला, "मागच्या डाव्या चाकातून आवाज येऊन राहिला. बेअरिंग गेलं."

पाजींनी चाक फिरवलं, हलवलं. त्यांना काही जाणवलं नाही, मलाही नाही.

"साहेब, हळू फिरवा," मी म्हणालो. "सायकलीसारखी चालवा. झेंडा घ्या फक्त."

"चाक निखळलं तर मागच्याच्या काचेत जाईल, शेठ."

"बरं, दोन फेरे. एक! साहेब, एक फेरा!"

मी आयुष्यात इतक्या खाली कधी आलो नव्हतो. तो मान हलवत राहिला. बाहेर झेंडा पडला. आमची गाडी जॅकवर होती.

चाक उघडलं. बेअरिंग ठणठणीत. सगळ्या पिटसमोर मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य तेवढं लिहितो: "आधी जाऊन कान दाखवा कुणाला तरी!"

काही आठवड्यांनी त्याचा निरोप आला, "पुढच्या मोसमात मला धरू नको." एवढाच. मी म्हटलं, चूक यांची आणि वर रुसवाही यांचाच. वर्षभर मी त्याला भगोडा म्हणत फिरलो. फोन केला नाही.

एक दिवस त्याच्या मिसेस गाडी विकायला आवारात आल्या. तो निवृत्त झाला होता. मोहालीच्या एयरोसिटीतलं घर आवरून ते कायमचे नागपूरला निघाले होते. मी विचारलं, "साहेबांना यायला लाज वाटली काय, वहिनी?"

"गाडीत बसले की गरगरतं त्यांना," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात ना, कान दाखवा. दाखवले. आवाज चाकात नव्हता, भाऊजी. आतल्या कानाचा आजार आहे. भोवळ कधी येईल सांगता येत नाही. शर्यतीला फिटनेसचं सर्टिफिकेट मिळणार नव्हतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

त्यांनी पदर सारखा केला. "म्हणाले, शेठला सांगितलं तर तो सर्टिफिकेटचाही सौदा करेल. आणि मला नाही म्हणता यायचं नाही."

मी चिडलो. वहिनींवर चिडता येत नव्हतं म्हणून आवारातल्या पोऱ्यांवर चिडलो. सौदा केलाच असता मी! दोन फोन, आणि कागद हातात. हे त्याने बरोब्बर ओळखलं आणि माझ्या मदतीपेक्षा माझ्या शिव्या पत्करल्या. याचा राग माझा अजून गेलेला नाही. त्या रात्री फोन लावला. त्याच्या मुलीने उचलला. "पापा सो रहे हैं, अंकल. और फोन पे उन्हें ठीक से सुनता नहीं."

यंदा पुन्हा गाडी उतरवली. तिसऱ्या जागी मोहालीच्या एका आयटी कंपनीतली मुलगी घेतली. आईबाप पुण्याचे, पण बोलणार हिंदीत. वेगाने चालवते, चांगली चालवते. चालक बदलायची वेळ आली, ती उतरली, मी बसलो आणि तसाच थांबलो. आमच्यात रीत होती: उतरणाऱ्याने आधी बसणाऱ्याचे पट्टे आवळायचे, मग स्वतःचं हेल्मेट काढायचं. ही रीत त्यानेच पाडली होती, आणि तिला ती कुणी सांगितलीच नव्हती. मी छाती पुढे काढून, हात बाजूला घेऊन बसलो होतो.

ती पाण्याची बाटली तोंडाला लावून ओरडली, "अंकल, खुद बाँध लो ना! टाइम जा रहा है!"

बांधले. स्वतःचे पट्टे स्वतः ओढले की ते पुरते आवळले जात नाहीत. पहिल्याच वळणावर मी सीटमध्ये एका बाजूला घसरलो, आणि पुढचा सगळा वेळ तसाच तिरका बसून चालवत राहिलो.