एकाहत्तरावी पायरी

माझ्या मोठ्या दिरांना सगळं गाव मास्तर म्हणायचं. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवून ते निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. उपासनेलासुद्धा ती शर्टावर लोंबत असे. शरीर हे देवाचं मंदिर आहे, हे पाळक वर्षातून एकदा सांगत. मास्तर रोज सांगत, आणि समोरच्याच्या पोटाकडे बघून सांगत.

आमच्या चर्चच्या मागे टेकडी आहे आणि दफनभूमी टेकडीवर. वर जायला ब्याण्णव पायऱ्या. गाडी जात नाही, म्हणून सहा खांदेकरी ठरलेले असतात. एकदा एका म्हातारीची पेटी त्यांच्या हातून निसटली. तेव्हापासून पाळकांनी खांदेकऱ्यांची जबाबदारी मास्तरांकडे दिली, आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. त्यांनी एक जुनी शवपेटी मागून घेतली, तिच्यात ऐंशी किलो वाळू भरली आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी परीक्षा सुरू केली. वाटेत जो टेकला, तो नापास. त्याचं नाव चर्चच्या दारावरच्या यादीतून खोडलं जाई.

"पेटी खाली ठेवली म्हणजे प्रभूचं ओझं खाली ठेवलं," असं ते म्हणत.

माझे यजमान शिंपी. दिवसभर मशिनवर बसणारा, गिऱ्हाइकाला हसवता हसवता माप घेणारा माणूस. पण एकोणीस वर्षं पुढचा डावा खांदा त्यांचा होता. सासऱ्यांना त्यांनीच वर नेलं. सासूबाई तेव्हा त्यांना म्हणाल्या होत्या, "मलाही तूच ने रे." आता त्या नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या. ह्यांना दुसरं काही नको होतं, फक्त तो खांदा टिकायला हवा होता.

त्या वर्षी दुसऱ्याच परीक्षेत हे चाळिसाव्या पायरीवर छाती धरून बसले. मास्तरांनी शिट्टी फुंकली.

"आळस हे पाप आहे," सगळ्यांसमोर म्हणाले. "आईला खांदा द्यायचाय ना? मग आधी पास हो."

डॉक्टरांनी ह्यांना तपासून ईसीजी काढायची चिठ्ठी दिली. मास्तरांनी ती वाचली आणि घडी घालून परत दिली. "असल्या चिठ्ठ्या मी तीस वर्षं बघितल्यात. कवायत नको असली की पोरं आणायचीच."

थोरला भाऊ बोलला, विषय संपला. ह्यांनी चिठ्ठी मशिनच्या खणात टाकली आणि रोज पहाटे खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन घरचा जिना चढायला लागले. ती पिशवी मी शिवली. उसवू नये म्हणून दुहेरी शिवण घातली. मास्तरांना बोल लावते तेव्हा ती शिवण मला आठवते.

दोन महिन्यांनी ह्यांनी पुन्हा परीक्षा दिली. मी खाली पाण्याची कळशी घेऊन उभी होते आणि पायऱ्या मोजत होते. एकाहत्तराव्या पायरीवर हे पेटीखालून निसटले आणि बसले. बाकीच्यांनी पेटी टेकवली. मास्तर वरच्या पायरीवर होते.

"ऊठ. ढोंग नको," ते म्हणाले आणि दहा आकडे मोजायला लागले.

मी कळशी टाकून धावले. दहा झाले तेव्हा हे गेलेले होते.

स्ट्रेचर नव्हतं. त्या पाच जणांनी पेटीतली वाळू पायऱ्यांवर ओतली आणि ह्यांना त्याच पेटीतून खाली आणलं.

दफनाच्या दिवशी पुढचा डावा खांदा मास्तरांनी घेतला. वय बासष्ट. त्यांनी स्वतः ही परीक्षा कधीच दिली नव्हती, शिट्टी वाजवायला परीक्षा लागत नाही. एकाहत्तराव्या पायरीवर भेगांत अजून वाळू होती. तिथे ते थांबले. मान वळवून रडवेल्या आवाजात ते मला म्हणाले, "क्षणभर टेकवू का?"

"उठा भावोजी," मी म्हणाले. "ढोंग नको."

त्यांनी पेटी वर नेली. त्या दिवसापासून त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

सासूबाईंना कोणी काही सांगितलं नाही. धाकटा कामासाठी परगावी आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. चौथ्या दिवशी मास्तर भेटायला आले, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "धाकटा पास झाला का रे?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी उशीचा अभ्रा बदलत होते, तो बदलत राहिले.

"झाला, आई," ते म्हणाले.

"मग पुढे त्यालाच ठेव. तू मागे राहा. तुझ्या खांद्याचा मला भरवसा नाही."

"बरं, आई."

म्हाताऱ्या माणसाच्या सांगितलेलं लक्षात राहत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. उत्तर मलाही देता आलं असतं. पण मी शेजारच्या मुलीला मास्तरांकडे पाठवलं, आईंनी बोलावलंय म्हणून. तेव्हापासून रोज पाठवते. ते रोज येतात, चपला दाराशी काढतात, पलंगाशी उभे राहतात आणि धाकटा पास झाला म्हणून सांगतात.