मैदानाकडे पाठ

राहनाळात कप्तान दोन. एक गावच्या क्रिकेट संघाचा, तो दरवर्षी भांडण होऊन बदलतो. दुसरा प्रितम. त्याला बदलायची कोणाची छाती नाही, कारण त्याच्या संघातली सगळी पोरं चाकाच्या खुर्चीत आणि सगळी त्याच्या धाकात.

वय एकवीस. लहानपणापासून त्याचे स्नायू एकेक करून राजीनामा देत गेले. जीभ तेवढी कामावर हजर. वडील केसरीनाथ यांच्या गोदामांतला एक गाळा त्याने हट्टाने रिकामा करून घेतला आणि तिथे बोचिया सुरू केला. बोचिया म्हणजे गोट्यांचाच शिकलेला भाऊ. आधी पांढरा चेंडू टाकायचा, मग आपले चेंडू त्याच्या जवळात जवळ न्यायचे.

"भाविक, चेंडू टाकतंस का नारल फोडतंस?" असं कप्तान एखाद्या पोरावर ओरडला की शेजारच्या गोदामातले हमालसुद्धा सावरून उभे राहत.

गेल्या वर्षी त्याच्या हाताने दगा दिला. चेंडू सुटेना. मग उतरती पन्हळ आली. मदतनीसाने तिच्यावर चेंडू ठेवायचा, खेळाडू सांगेल तशी ती वळवायची; शेवटचा धक्का मात्र खेळाडूचा. आणि नियम असा की मदतनीसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं. वळायचं नाही, बोलायचं नाही.

या कामाला प्रितमने निवडलं केसरीनाथांना! दुसऱ्याच्या लग्नात आचाऱ्याला मीठ सांगणारा आणि हळदीत बेंजोवाल्याला ताल शिकवणारा हा माणूस.

"यांना गप बसवशील तू?" आई कमळा म्हणाली. "मला तर अजून जमला न्हाय."

"आई, तुझ्याकडं पंच नव्हता."

सरावात केसरीनाथ दर चेंडूला वळत. "बाबा, पाठ!" कप्तान गरजे. ते शाळेतल्या पोरासारखे पुन्हा मुकाट पाठ फिरवून बसत. हळूहळू जमलं.

ठाण्याला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. गुण बरोबरीत, पांढऱ्या चेंडूच्या सर्वांत जवळ समोरच्या पोराचा चेंडू, आणि प्रितमचा एक चेंडू उरला.

"डावीकडं. अजून. बस."

केसरीनाथांनी पन्हळ वळवली, चेंडू ठेवला. प्रितमने बोट टेकवलं. चेंडू हलेना.

मैदानाकडे पाठ केली की तोंड मुलाकडे येतं, हे नियम करणाऱ्यांच्या बहुधा लक्षात आलं नसावं. केसरीनाथांना दिसत होता फक्त प्रितम. दाताखाली ओठ, कपाळावर घाम, चेंडूला टेकलेलं बोट. चेंडू मोठ्या पेरूएवढा. रोज सकाळी या पोराला उचलून खुर्चीत बसवणारे ते दोन हात तिथेच, वीतभर अंतरावर. एक हात उठलाच.

"बाबा. न्हाय."

केसरीनाथांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसून राहिले. वेळ संपल्याची शिट्टी वाजली. चेंडू होता तिथेच होता. जिंकलेला पोरगा, टाळ्या वाजवाव्यात की नाही, या विचारात पडला.

परतताना कशेळीच्या पुलापर्यंत केसरीनाथांनी ड्रायव्हरला एकही वळण शिकवलं नाही. ते टेम्पोत आहेत ना, याची ड्रायव्हरने दोनदा मागे बघून खात्री करून घेतली.

"मी ढकलला असता तर?"

"बाद झालो असतो."

"मग आता काय झालंस?"

"हरलो. निस्ता हरलो."

रविवारी गाळ्यात कपाळाला बांधायची काठी आली. आता हात नाही, मानेने चेंडू ढकलायचा. केसरीनाथ पट्टा बांधू लागले. एकदा घट्ट झाला, एकदा ढिला. ते पुन्हा पुन्हा सोडून बांधत राहिले.

"बाबा, मुंडावल्या न्हाईत त्या. आवर."

भाविक हसला. कमळाला हसू आलं नाही.

"आणि मान ऱ्हायली न्हाय तर?" तिने विचारलं.

ज्याच्याकडे गावातल्या प्रत्येक गोष्टीवर सल्ला असतो, त्या माणसाने चेंडू उचलला, पन्हळीवर ठेवला, आणि कोणी ओरडायच्या आधीच मैदानाकडे पाठ करून बसला.