स्वीडनवाल्यासाठी दुवा

लातूरच्या लायब्ररीबाहेर रोज संध्याकाळी जिलानी गादीवाल्यांची स्कूटर येऊन उभी राहायची. दिवसभर गाद्या भरून दाढीत कापूस अडकलेला. आत त्यांची लेक अर्शिया पीएचडीसाठी स्वीडनच्या एका नाटककाराच्या मागे हात धुऊन लागलेली.

स्कूटर हलली की जिलानींचा सवाल ठरलेला. "काय म्हणतो तुझा स्वीडनवाला?"

मग अर्शिया दिवसभर वाचलेलं त्यांच्या कानात ओतायची. आज बायकोशी भांडला. आज थेटरवाल्यांनी नाटक परत पाठवलं. ऐकणाऱ्याला वाटावं, हा इसम पलीकडच्याच गल्लीत राहतो. जिलानी भडकायचे. "अक्कल हाय का त्याला? बायकोची बदनामी नाटकात करायची, अन् वर तिनंच जेवायला वाढायचं?" तरी त्या तापट माणसाला त्यांनी घरातलाच धरला होता.

अर्शियाचा थीसिस झाला की निकाह, सासर नांदेडचं. हे ठरवलं जिलानींनीच, आणि तारखेचा विषय निघाला की उठून दुकानात जायचेही तेच.

थीसिसच्या शेवटच्या प्रकरणात नाटककाराने अंथरूण धरलं. "आता त्याचं काही खरं नाही, अब्बा," अर्शिया म्हणाली. जिलानींनी स्कूटरचा वेग कमी केला.

शनिवारी शेजारच्या मोहसीनभाईंनी तिला अडवलं. "बेटा, लायब्ररीतले तुझे स्वीडनवाले साहेब कसे हायत? काल जुम्म्याला जिलानीभाईंनी समद्यांना त्यांच्यासाठी दुवा करायला लावली."

अर्शियाला हसू फुटलं आणि रडूही. अब्बा कुणाचं आयुष्य वाढवून मागत होते, आणि कशासाठी, ते तिला तेव्हा कळलं. आता खरं सांगायला जीभ रेटेना. तरी संध्याकाळी डाळमिलपाशी तिने सांगून टाकलं, "अब्बा, तो मेला. शंभर वर्षं होऊन गेली."

जिलानींनी करकचून ब्रेक दाबला. मागचा रिक्षावाला शिव्या घालत पुढे गेला.

"शंभर? अन् तू तर रोज सांगून राहिली, आज हे केलं, आज ते केलं!"

"वाचताना तसंच वाटायचं, अब्बा."

"म्हंजे तुझं काम खतम?"

"त्याच्या मरणाचं तेवढं लिहायचं राहिलंय."

जिलानींनी रुमालाने तोंड पुसलं. रुमालालाही कापूसच होता. "मग घाई कशाला करून राहिली? बिमार माणसाला निवांत जाऊ दे की."

अर्शियाने त्यांच्या पाठीला डोकं टेकवलं. स्कूटर सुरू झाली, पण घराकडे काही वळली नाही. गंजगोलाईच्या गोल बाजाराला एक चक्कर झाली, मग दुसरी. तिसरीला जिलानींनी मान न वळवता विचारलं,

"बरं, आज कसा हाय तो?"