गुरूवरचं वादळ आणि ओलं गोणपाट

आयुष्यभर विड्याची पानं पिकवलेल्या माझ्या वडिलांना डोळे जायच्या आत एकच गोष्ट पाहायची होती: गुरू ग्रहावरचं लाल वादळ. लोक काशी म्हणतात, नातवाचं लग्न म्हणतात. आमच्या बाबांना हे.

काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली होती. खूळ मात्र माझंच. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, आणि आख्खी पृथ्वी गिळेल एवढं ते वादळ पिढ्यान् पिढ्या घोंघावतंय, कारण त्याला अडवायला खाली जमीनच नाही, हे मीच रंगवून सांगितलं होतं. तिथे अमोनियाचे ढग आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हंजे युरियाचं पोतं भिजल्यावर मारतो तो वास." लाल रंग कशाचा, हे नक्की कुणालाच ठाऊक नाही. उन्हानं अमोनिया फुटतो आणि इतर वायूंशी मिळून काहीतरी रंगीत बनतं, असा अंदाज आहे. वादळ आक्रसत चाललंय, हेही मी बोलून गेले.

"मग लवकर दाखव, बाय," ते म्हणाले.

आचोळ्यात माझ्या बिल्डिंगभोवती टॉवर उभे राहिलेत, आभाळ उरलेलं नाही. म्हणून त्यांच्यासाठी घेतलेली दुर्बीण निर्मळला, बाबांच्या वाडीतल्या घरी ठेवली. आतला आरसा थंड असला की चित्र स्थिर दिसतं, एवढं मी जाता जाता सांगितलं. पुढच्या खेपेला गेले तर दुर्बीण ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, वर केळीची पानं, बाजारात निघालेल्या पानांच्या करंडीसारखी. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत होते म्हणे. आरशावर बुरशी चढली होती, मुलाम्याचे पापुद्रे सुटले होते. मी इतकी भडकले की शेजारीण कुंपणापाशी आली.

"थंड ठेव म्हणालीस ना?" एवढंच ते बोलले.

आरसा नवा मुलामा चढवून परत यायला पावसाळा उलटला. तोवर डॉक्टरांनी हात टेकले होते.

माघात एका संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, गुरू नारळांच्या वर आला. वादळाचा डाग समोर येण्याची वेळ मी आधीच काढून ठेवली होती. मला दिसला: फिकट, असून नसल्यासारखा. बाबांना खुर्चीत बसवून त्यांचा डोळा भिंगाला लावून दिला. बराच वेळ ते हलले नाहीत.

"दिसला," ते म्हणाले. "लालभडक हाय गं, बाय. जास्वंदीसारखा. गरागरा फिरतोय."

एवढ्याशा दुर्बिणीतून तो कुणालाच लालभडक दिसत नाही, फिरताना तर नाहीच. ते बाजूला झाल्यावर मी डोळा लावला. आमची दुर्बीण ग्रहामागे आपणहून सरकत नाही. गुरू केव्हाच निसटून गेला होता, भिंगात नुसता काळोख होता. बाबा इतका वेळ त्या काळोखाकडेच बघत होते.

"तोच ना?" त्यांनी विचारलं.

"तोच, बाबा."

"मग झाकून ठेव आता," ते म्हणाले. "कोरड्या फडक्यानं."