पाचांपैकी तीन

"मागे बघत जा, मावशी," असं तो मला नेहमी म्हणायचा. म्हणायचा आणि स्वतःच मागे बघायचा. बोलता बोलता दर चार-पाच सेकंदांनी त्याची मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळायची. अनोळखी माणसाला वाटावं, याच्या मागे पोलीस लागलेत की काय. मी फिजिओथेरपिस्ट, लोकांच्या माना बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. तरी आधी मलाही वाटलं होतं की याच्या मानेत काहीतरी बिघाड आहे. मग लक्षात आलं, पोरगा फुटबॉलमधला डिफेंडर आहे, सेंटर बॅक.

तुम्ही फुटबॉल बघता तेव्हा बॉल बघता. सगळेच बघतात. एकदा बॉल सोडून फक्त डिफेंडरकडे बघा. खेळ पलीकडच्या टोकाला चाललेला असतो, लोक तिकडे ओरडत असतात, आणि हा इकडे एकटाच मागेपुढे करत, कोण कुठे मोकळा उभा आहे ते हेरत असतो. "आमचं नाव फक्त चुकल्यावर घेतात," असं तो सांगायचा. यात तक्रार नव्हती. त्याला ते मनापासून आवडायचं.

सिंगापूरला आंग मो किओत आमचे ब्लॉक समोरासमोर होते. तो सहा वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याला बघत आले. वडील पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर आलेले, चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या आयटीत. पुढे सगळ्यांना पीआर, इथला कायमचा रहिवास मिळाला आणि त्यामुळे मुलाला एनएस करावी लागली, म्हणजे इथली दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा. त्यातून सुटून तो युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षात बसला, तेव्हा पुण्यातली त्याची चुलत भावंडं डिग्री घेऊन मोकळी व्हायला आली होती.

हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, गेलो तरी तो भिंतीकडे पाठ करून बसायचा. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवड्याच्या रांगेत मध्येच घुसणारे एक काका होते. सगळे त्यांच्यावर मनातल्या मनात चिडायचे, बोलायचं कोणी नाही. याने एकदा त्यांना अडवलं. हात लावला नाही, तोंडातून शब्द काढला नाही. काका जिथून घुसायला बघतील तिथे हा हसऱ्या चेहऱ्याने आधीच उभा. तीन-चारदा असं झाल्यावर काका मुकाट्याने रांगेच्या शेवटी गेले. "अंकल ऑफसाइड होते, लाह," एवढंच तो मला येऊन इथल्या ढंगात म्हणाला. मी हातातला वडा खाली ठेवून हसले.

मराठी त्याची चांगली होती, कारण घरात इंग्रजीत काही मागितलं तर आई ऐकूच आलं नाही असं दाखवायची. सात वर्षांचा असताना मंडळाच्या गणेशोत्सवात त्याने स्टेजवर श्लोक म्हटले. दुसऱ्या ओळीला अडला. मी पहिल्याच रांगेत होते. मी नुसते ओठ हलवले, त्याने ते टिपले आणि गाडी पुढे गेली. टाळ्या पडल्या. त्याच्या आईने मला बाजूला घेऊन लाडूंचा डबाच दिला. तेव्हापासून मी त्याची मावशी झाले.

युनिव्हर्सिटीच्या टीमला शनिवारी मैदानाशेजारी उभा राहणारा फिजिओ हवा होता, तर यानेच माझं नाव सुचवलं. आठवडाभर मी नोव्हेनाला हॉस्पिटलात म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवायचे आणि शनिवारी या दांडगटांचे. टीमचा कोच मलय वंशाचा होता, पन्नाशीतला, मोजकं बोलणारा. आम्ही दोघं मराठीत बोलायला लागलो की तो कपाळाला हात लावायचा, पण हसायचाही.

तिसऱ्या वर्षी हा लीगमधला सगळ्यात चांगला डिफेंडर ठरला. चौथं वर्ष शेवटचं. वडील वाईट माणूस नव्हेत, पण खेळून कोणाचं भलं झालेलं त्यांनी आपल्या नात्यात पाहिलं नव्हतं. बापलेकात एक तह झाला होता. शेवटचा सीझन खेळायचा; त्यात एखाद्या क्लबने घेतलं तर वडील हरकत घेणार नाहीत. नाही घेतलं तर बूट ठेवून द्यायचे आणि चांगीला वडिलांनी सांगून ठेवलेल्या जागेवर जाऊन बसायचं. सीझनच्या पहिल्याच मॅचला एका क्लबची माणसं त्याला बघायला येणार, असं कोचने सांगितलं. त्या दिवसापासून तो चालतानासुद्धा टाचा उचलून चालायला लागला.

पहिल्या मॅचला दहा दिवस होते तेव्हा एक सराव सामना ठेवला होता.

इथे एक नियम सांगायला हवा. डोक्याला मार लागला की मैदानावरच पाच प्रश्न विचारायचे. हे मैदान कुठलं, पहिला हाफ की दुसरा, शेवटचा गोल कोणी केला, मागच्या वेळी कोणाशी खेळलो, जिंकलो की हरलो. एक जरी चुकला तरी बाहेर, आणि बाहेर म्हणजे पुढचे किमान दोन आठवडे बूट घालायचे नाहीत. हे प्रश्न मी कितीतरी मुलांना विचारले होते. एक जण तर माझ्यापुढे हात जोडून रडला होता, त्यालाही मी बाहेर बसवलं. ही बाई कोणाचं ऐकत नाही, असा माझा लौकिक होता आणि मला त्याचा थोडा तोराही होता.

त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. वीज जवळ आली की इथे मैदानावर भोंगा वाजतो आणि खेळ आहे तिथे थांबतो. सगळ्यांचं अर्धं लक्ष त्या भोंग्याकडे होतं. कॉर्नरचा बॉल आला, हा उडाला, समोरचा एक आडदांड मुलगा उडाला आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. तो आवाज मला टचलाइनवर ऐकू आला. समोरचा डोकं चोळत उठला. हा गुडघ्यांवर बसून राहिला.

मी धावत गेले. डोळे बघितले, मान बघितली, मग प्रश्न विचारले. मराठीत विचारले, कारण त्याच्याशी मी मराठीतच बोलायचे. त्याने मैदान बरोबर सांगितलं. हाफ बरोबर सांगितला. गोल कोणी केला तेही सांगितलं. चौथ्या प्रश्नाला तो थांबला. मागच्या शनिवारी आपण कोणाशी खेळलो, मी परत विचारलं. कोच येऊन माझ्या मागे उभा होता. याने माझ्याकडे बघितलं.

"मावशी," तो अगदी हळू म्हणाला, "सांग ना."

मी सांगितलं. प्रश्नाच्याच सुरात सांगितलं, पॉलिटेक्निकच्या मुलांशी ना? तो म्हणाला, हो, पॉलिटेक्निक. आणि जिंकलोच ना आपण? जिंकलो, तो म्हणाला. कोचला वाटलं, बाई विचारतेय आणि पोरगा उत्तरं देतोय.

पाहुण्यांपुढे पोर अडलं की आपण हळूच शब्द पुरवतो. तुम्हीही पुरवला असेल. त्यात लबाडी आहे असं आपल्या मनातही येत नाही. माझ्याही आलं नाही. मला त्या वेळी फक्त दहा दिवसांवरची मॅच दिसत होती आणि चांगीची ती खुर्ची दिसत होती. तो आपला होता, म्हणून मी त्याला पास केलं. परका असता तर तो आज धडधाकट असता.

"कॅन ऑर कॅनॉट?" कोचने विचारलं.

"कॅन," मी म्हटलं.

पुढची वीस मिनिटं मी आभाळाकडे बघत होते. भोंगा वाजावा, खेळ आपोआप थांबावा आणि मला तोंड उघडावं लागू नये, अशी माझी इच्छा होती. कोच माझ्यापासून दहा पावलांवर होता. त्याला काढ, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं नाही. ढग वरून सरकत निघून गेले.

मग लांबून एक साधा बॉल आला. त्याने तो डोक्याने परत पाठवला. दोन पावलं चालला आणि दमलेला माणूस बसतो तसा गवतावर बसला. मग आडवा झाला. मी पोचले तेव्हा त्याच्या एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली होती. त्याचा अर्थ मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन झालं, तीन आठवडे आयसीयूत काढले आणि तो जगला. आता उजवा पाय ओढत चालतो, उजव्या हातात पेला धरता येत नाही आणि नवीन काही डोक्यात राहत नाही. दुपारी काय जेवला ते संध्याकाळी सांगता येत नाही. जुनं सगळं शाबूत आहे, रांगेतले काकासुद्धा. शेवटचा सीझन अजून सुरू व्हायचाय, असंच तो धरून चालतो.

चौकशी झाली. पाचही उत्तरं दिली होती का, असं मला विचारलं. मी म्हटलं, दिली होती. कोचनेही सांगितलं, मी तिथेच होतो. तिथे ते प्रकरण मिटलं. खरं काय ते मी युनिव्हर्सिटीला खूप नंतर, वर्ष उलटल्यावर लिहून कळवलं, आणि ते पत्र लिहिणं त्या मानाने सोपं होतं. त्याआधी, तो आयसीयूत असतानाच, त्याच्या आईने हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये माझे दोन्ही हात धरले होते. "तुम्ही होतात म्हणून वेळेत इथे पोचला," असं ती म्हणाली होती. मला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही.

तो घरी आल्यावर दर शनिवारी मी त्याचे व्यायाम करून घ्यायला जायला लागले. आई तेवढ्या वेळात बाजार करून यायची. चौथ्या की पाचव्या शनिवारी, त्याचा पाय माझ्या हातात असताना, मी त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, मीच सांग म्हटलं ना, मग तुझी काय चूक. मी रडायला लागले, तर डाव्या हाताने माझ्या पाठीवर थोपटलं. त्या दिवशी घरी जाऊन मी कित्येक आठवड्यांनी पोटभर जेवले.

पुढच्या शनिवारी गेले तर त्याने विचारलं, मावशी, पहिल्या मॅचला येणार ना? त्याला काही आठवत नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा माफ केलं. आता तुमच्यापासून काय लपवू, पुढे पुढे मला त्याची चटक लागली. आई बाजारात गेली की सांगायचं, माफी मिळवायची आणि हलक्या अंगाने लिफ्टने खाली उतरायचं. पेशंटची मी इतकी काळजी घेते अशी ब्लॉकमध्ये माझी तारीफ व्हायची. मला माझी लाज वाटायची, पण मी जायचं थांबवलं नाही.

वर्षभराने वडिलांनी पुण्याला परतायचं ठरवलं. मुलाला एकटं ठेवता येत नव्हतं आणि तिकडे निदान माणसं होती. घरात खोकी आली. मी शेवटची गेले तेव्हा आई बाजारात गेली नव्हती, स्वयंपाकघरात सामान बांधत होती. मी दार लोटून घेतलं आणि नेहमीप्रमाणे त्याला हळू आवाजात सांगितलं. या वेळी तो डाव्या हाताचा अंगठा चादरीवर घासत राहिला.

"हे आईला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग आईला सांग," तो म्हणाला. "मला सांगून काय होणार? मी विसरतो."

मी उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. ती स्टीलचे डबे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी चौथ्या प्रश्नापासून सगळं सांगितलं. तिने हातातला डबा पूर्ण गुंडाळला, त्याला चिकटपट्टी लावली. मग दुसरा घेतला. तो अर्धा झाल्यावर थांबली.

"त्याला सांगितलंत हे?"

"हो."

"किती वेळा?"

मला खोटं बोलता आलं असतं. दर शनिवारी, मी म्हटलं.

तिने डबा ओट्यावर ठेवला. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तुम्ही आता जा," ती म्हणाली. "परत येऊ नका."

मी चपला घातल्या आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले. दोन ब्लॉकच्या मधल्या रस्त्यावर आले तेवढ्यात वरून हाक आली. चौथ्या मजल्यावर कठड्याला धरून तो उभा होता. एवढ्याशा वेळात त्याच्या मनातून सगळं पुसून गेलं होतं. चेहरा अगदी खुशीत होता.

"मावशी," त्याने वरून ओरडून सांगितलं, "शनिवारी ये."

मी हात वर केला. त्याची आई बाहेर आली, तिने माझ्याकडे न बघता त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला सावकाश आत नेलं. बुधवारी ते पुण्याला गेले.