बिरुदेवमामांची सपादणी

मी साउंडवाला. सोलापुरात लग्न, जयंती, प्रचार, कुठेही माइक लावतो, त्यामुळे भाषणं ऐकून माझे कान किटलेत. माइक हातात आला की माणूस पदरचे चार शब्द घालतोच. न घालणारा मी एकच पाहिला, सांगोल्याकडचे बिरुदेवमामा.

मामा मेंढरं राखतात आणि धनगरी ओव्यांत सपादणी सांगतात. म्हणजे गाणारा एक तुकडा गाऊन थांबतो आणि मामा तेच साध्या बोलीत लोकांना उलगडून सांगतात. गायलं तेवढंच, कमी नाही, जास्त नाही. एका जत्रेत ओव्यांच्या चढाओढीत समोरच्या मंडळींच्या सपादणीवाल्याचा घसा बसला, तर हे उठून त्यांच्या बाजूनं उभे राहिले. इतकं चोख सांगितलं, की मानाचा नारळ समोरचेच घेऊन गेले. त्यावरून त्यांच्या बायकोचे, मायाक्कामामींचे टोमणे अजून चालू आहेत.

यंदाच्या हिवाळ्यात माळरानांचा अभ्यास करणाऱ्या देशोदेशीच्या शास्त्रज्ञांची परिषद सोलापुरात भरली. आदल्या संध्याकाळी सगळ्यांसाठी खुला कार्यक्रम होता. आधी मामांच्या मंडळींच्या ओव्या, मग लांडग्यांवर व्याख्यान. व्याख्यान देणार होती मामांची सख्खी भाची सृष्टी, आणि गोची तिथेच होती.

सृष्टीच्या पथकानं लांडग्यांच्या गळ्यात पट्टे बसवलेत. लांडगा कुठे फिरतोय ते त्यांना संगणकावर दिसतं. कळपाजवळ आला तर फोन करू, असं त्यांनी मेंढपाळांना कबूल केलं होतं. दिवाळीनंतर एका पहाटे लांडग्यानं मामांच्या वाघरीतून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून, कोकरं उचलून नेली. फोन आलाच नव्हता. तेव्हापासून मामींनी भाचीशी बोलणं टाकलं होतं.

ओव्या झाल्या. सृष्टी उभी राहिली आणि लागली पुस्तकी मराठी झाडायला. परिसंस्था काय, भक्ष्य काय, अधिवास काय. जाजमावर बसलेले मेंढपाळ कुजबुजू लागले, काहींनी घोंगडी खांद्यावर टाकली. पोरगी अडखळली. मग तिनं मामांकडे पाहिलं.

"मामा, माझी सपादणी सांगता का?"

मामा उठले तसं मामींनी त्यांचं धोतर धरलं. "लांडग्याची बाजू तुमी मांडनार व्हय?"

"बाजू कुटली? ती बोलंल त्ये सांगतो."

आणि सांगितलं. "पोरगी म्हणती, माळावर ससं न्हाय ऱ्हायलं, हरणं न्हाय ऱ्हायली. माळ नांगरून टाकला. लांडगा उपाशी हाय म्हणून वाघरीकडं येतोय. पोरगी म्हणती, तो बी माळाचाच हाय की."

ज्याची कोकरं गेली तो माणूस हे सांगत होता, आणि आवाजात कुठे तिरकसपणा नाही. खांद्यावरची घोंगडी खाली आली, लोक शेवटपर्यंत बसले. मला त्या माणसाचा लई अभिमान वाटला.

व्याख्यान संपलं, पण मामांनी माइक काही सोडला नाही. "आता मी गातो. परदेशातल्या पाव्हण्यांना तू सांग." कानावर हात ठेवून त्यांनी सूर लावला. गळ्यात पट्टा घातला, कुटं फिरतो त्ये दिसतंय. फोन करतो म्हणली पोरगी, आमी निवांत निजलो. फोन काय आला न्हाय, माझी कोकरं गेली.

पहिल्या रांगेत सृष्टीचे सर बसले होते, पथकाचे प्रमुख. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पाहुण्यांना इंग्रजीत एकच वाक्य सांगितलं. संपर्कात थोडी त्रुटी राहून गेली, अशा अर्थाचं. तेवढं इंग्रजी मला येतं.

मामांना ते येत नाही. पण गाणं आणि सांगणं याचा मेळ लावण्यात त्यांचा जन्म गेलाय.

"आखूड झालं, पोरी," ते माइकवरच म्हणाले. "मी एवढं आखूड गायलो न्हाय."

सृष्टीचा चेहरा उतरला. मग तिनं पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी सगळं सांगितलं. पट्टा, दिलेला शब्द, निवांत निजलेली माणसं. इंग्रजीत सांगून झाल्यावर तेच जाजमाकडे तोंड करून मराठीत म्हणाली. "लांडगा आम्हाला दिसत होता. फोन करायचं आम्ही कबूल केलं होतं. केला नाही."

"हे खरं आहे?" सरांनी खुर्चीतूनच विचारलं.

"खरं आहे, सर."

मला वाटलं, पोरीची नोकरी गेली. सर उठले, माइकपाशी आले आणि म्हणाले, "चूक पथकाची आहे. पथक माझं आहे." हात जोडून खाली उतरले. इतकं छोटं भाषण माझ्या माइकवरून आजवर कुणी केलेलं नाही.

सृष्टी मंचावरून खाली आली, पण कुठे बसावं ते तिला कळेना. मायाक्कामामी जाजमावर थोड्या सरकल्या.

"ये, हितं बस."

ती बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली, तो पदरही मामींचाच. मामींनी तिला रडू दिलं. मग कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढून तिच्या हातात ठेवला.

"माझा नंबर घे. आता फोन मला करत जा."